एक्केचाळीस भागिले अकरा

बाप म्हणायचा, इंजिन म्हणजेच गाडी,
बाकी नुसतं ओझं.

म्हणून दर हिवाळ्यात तो बॉनेट उघडायचा
आणि दर उन्हाळ्यात मागे काहीतरी तुटायचं.
शहात्तर साली उजवा अ‍ॅक्सल,
डॉर्ट हायवेच्या सिग्नलवर, हिरवा लागता लागता.
एकदा युनिव्हर्सल जॉइंट. शाफ्ट लोंबत
डांबरावर ठिणग्या पेरत गेला,
आणि मागच्या सीटवर मला पोटाशी धरून
आई पोलिशमध्ये देवाला काय काय म्हणाली
ते आजवर कोणी मला सांगितलेलं नाही.

सत्तर सालची ब्यूक. भाजल्या साखरेचा रंग,
डावं दार खालून गंजलेलं.
फ्लिंटचे रस्ते हिवाळाभर मीठ लावून
लोखंड मुरवत ठेवतात.

आता त्याचे हात थरथरतात. पाना असतो, नट सापडत नाही.
मार्चमध्ये किल्ली माझ्या हातात दिली
ती अशी, जणू कोपऱ्यावरून पाव आणायला सांगतोय.

मी म्हटलं, इंजिनला हात लावणार नाही.
आठवडाभर एल्डन वोय्चिक माझ्याशी बोलला नाही.

गिअरबॉक्स मी एकटीने उतरवला.
छातीवर घेतला म्हणा,
जॅक ऐन वेळी सरकला.
मागचं डिफरन्शियल उघडलं:
एकमेकांना चावून बोथट झालेले दाते,
तळाच्या तेलात चंदेरी कीस.
चमच्याने काढला, फेकवेना.
कॉफीच्या डब्यात ठेवलाय.

आठ सिलिंडरांत जे पेटतं
ते रबरापर्यंत पोचेस्तोवर किती हात बदलतं!
एक हात ढिला, की संपलं.
हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही.
त्याला फक्त पेटवायला आवडायचं.

जुनं गणित सदतीस भागिले नऊ.
सुटताना वाघ,
पण हायवेवर साडेतीन हजार फेरे, कानठळ्या,
शेजारच्या माणसाचे नुसते ओठ हलताना दिसायचे.
मी बसवलं एक्केचाळीस भागिले अकरा,
जाड अ‍ॅक्सल,
आणि पुढे एक चौथा गिअर, जो या गाडीला कधी नव्हताच,
धावता धावता इंजिनला दम खाऊ देणारा.
अर्ल टिबेट्सने शाफ्ट पाऊण इंच आखूड केला,
फिरवून तोलला, पैसे मोजून घेतले
आणि म्हणाला, "बापाला सांग, मी अजून जिवंत आहे."
दोघांचं काय बिनसलं होतं, मी विचारलं नाही.

जूनमधला शनिवार. पाव मैलाची पट्टी.
पिवळा, पिवळा, पिवळा.
मी ब्रेक सोडला आणि काहीच झालं नाही,
म्हणजे काहीच तुटलं नाही.
धूर नाही, किंकाळी नाही.
पाण्यात म्हैस बसते तशी गाडी मागे किंचित बसली
आणि समोरची झाडं अंगावर आली.

बाप कठड्याशी उभा. वेळेची चिठ्ठी हातात,
चष्मा घरी.
"वाच."
बारा पूर्णांक चौऱ्याऐंशी.
"पुन्हा वाच."

परतताना अंधार.
चौथा पडला, काटा दोन हजारांवर उतरला
आणि गाडीत अचानक जागा झाली.
या गाडीत मी बापाशी कधी बोललेच नव्हते,
ओरडले होते.
आता दोघांनाही सुचेना.
एक्झिट गेली. दुसरी गेली.
ब्यूक आपली गुणगुणत होती, कोणाच्याच बाजूने नाही.

मग तो म्हणाला, हळूच, तरी ऐकू आलं:
"शाफ्ट तुटला त्या दिवशी
ती देवाशी नव्हती बोलत.
माझ्याशी बोलत होती."

"काय म्हणाली?"

त्याने थरथरत्या हाताने हँडल फिरवलं,
काच पूर्ण खाली केली
आणि सगळा वारा आत घेतला.